बिनटोकांचा मफलर

मला त्या शाळेत रुजू होऊन तासही झाला नसेल, एवढ्यात मागून आवाज आला, "भूगोल, जरा सरका. उजेड अडवताय."

मी वळून पाहिलं. शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई बसली होती. मांडीवर लोकरीचा गोळा, हातात एकाच वेळी पाच सुया, आणि नजर माझ्याकडे अजिबात नाही. मी जरा फणकाऱ्यानेच माझं नाव सांगितलं. "असेल," त्या म्हणाल्या, "आधीच्या भूगोलालाही नाव होतं. नाव पाठ होईस्तोवर माणूस बदली घेऊन जातो. विषय कुठे जात नाही." मी सरकले. पुढे पाच-सहा वर्षं मी त्यांच्यासाठी भूगोलच होते आणि आमच्या सिस्टर, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, 'ऑफिस' होत्या.

त्या विणकामाच्या बाई. गावात सगळे त्यांना असंच म्हणत, म्हणून मीही इथे नाव घेत नाही. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा नालासोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, केळीच्या वाड्यांच्या मधोमध होती. मी आलेली मिरजेकडून. वसईत माणसं वर्षाचे दहा महिने घामाने निथळतात, तिथे लोकरीचं विणकाम शिकवायचं कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. तो मी बाईंना विचारला. "तुम्ही मुलींना टुंड्रा प्रदेश शिकवता ना?" त्या म्हणाल्या. "कोण जाणार आहे तिकडे?"

बाईंनी लग्न केलं नव्हतं. पन्नाशी उलटली तरी साडी खोचून सायकल चालवायच्या आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीला बाजू देत नसत. त्यांच्या सुयाही सायकलच्याच. निर्मळच्या तळ्याजवळचा सायकलवाला मोडक्या चाकांच्या तारा त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. त्या तारा सारख्या लांबीच्या तोडून, टोकं धुण्याच्या दगडावर घासून घासून बाई सुया करायच्या. दुकानातल्या सुया त्यांना चालत नसत. "त्या शोभेच्या असतात," म्हणायच्या, "जोर लावला की वाकतात. मला वाकलेली वस्तू हातात धरवत नाही."

त्या कुठेही विणायच्या. शिक्षकांच्या बैठकीत, पेपर तपासताना मधेच, एसटीच्या थांब्यावर, आणि रविवारी चर्चमध्ये पदराखाली. एकदा फादरांचं प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना बाईंची सुई फरशीवर पडली. त्या शांततेत ती केवढी वाजली! फादर थांबले, चष्म्यावरून पाहू लागले. सगळं चर्च माना वळवून बघायला लागलं. बाईंनी वाकून सुई उचलली आणि म्हणाल्या, "चालू द्या फादर. माझा टाका सुटलेला नाही." फादर हसले, पण पुढचा मुद्दा विसरले. त्यावर मंडळींनी बाईंचे आभारच मानले असतील.

त्यांचा खरा जीव गोल विणण्यात होता. चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे, पहिला टाका शेवटच्याला जोडायचा आणि पाचव्या सुईने फिरत राहायचं. सपाट विणताना ओळ संपली की काम उलटं करून परत यावं लागतं आणि उलटे टाके घालावे लागतात. गोल विणलं की सगळे टाके सुलट. "मागे फिरायची गरजच पडत नाही," असं त्या मोठ्या समाधानाने सांगत. जोडताना टाक्यांना पीळ पडला तर मात्र सगळं उसवायचं, मग ती मुलगी कितीही रडो. या बाबतीत बाईंना दयामाया नव्हती. मी एकदा एका रडणाऱ्या मुलीची रदबदली करायला गेले, तर म्हणाल्या, "तुमच्या नकाशात मुंबई पुण्याच्या पूर्वेला काढली तर चालेल?"

या गोल विणण्यातूनच तो बिनटोकांचा मफलर निघाला.

एका डिसेंबरात पहाटे सायकलवरून केळी घेऊन स्टेशनकडे निघालेल्या एका वाडीवाल्याच्या मफलरचं टोक सुटून मागच्या चाकात गेलं. माणूस घडांसकट आडवा झाला, पुढचे दोन दात गेले. नशीब, मान वाचली. बाई तिथूनच शाळेत येत होत्या. त्यांनी आधी त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि मग पिशवीतून कात्री काढून त्याच्या मफलरची दोन्ही टोकं कापून टाकली. तो बिचारा बोबडं ओरडत होता, "अवो बाय, मफलर कापला माजा!" बाईंनी उरलेला तुकडा तिथेच रस्त्यावर बसून गोल शिवला, त्याच्या डोक्यातून खाली घातला आणि म्हणाल्या, "आता जा कुठे जायचं तिथे."

तेव्हापासून त्यांना ध्यासच लागला. आमच्याकडच्या बायका थंडीत पहाटेच्या अंधारात फुलांच्या, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायच्या. दोन्ही हात वर पाटीला. खांद्यावरची शाल घसरली तर ओढून घ्यायला तिसरा हात कुठून आणायचा? बाईंनी त्यांच्यासाठी डोक्यातून घालायचा, गळ्याशी दुमडून बसणारा गोल मफलर बसवला आणि हळूहळू बायका तो वापरूही लागल्या. तपकिरी आणि पिवळा, एकाआड एक पट्टे. तपकिरी मळखाऊ म्हणून, पिवळा टेम्पोवाल्यांना अंधारात लांबून दिसावा म्हणून. न लागणारा रंग कापायचा नाही, आतल्या बाजूने धाग्याला धागा गुंतवत वर न्यायचा.

गोल विणताना रंग बदलला की त्या जागी पट्ट्याला एक बारीकशी पायरी पडते. ती लपवायची युक्ती असते. बाईंना ती येत होती, मला त्यांनी करूनही दाखवली. पण मुलींना शिकवायला साफ नकार. "रंग बदललाय, तर बदललेला दिसू दे की. लपवायला चोरी केलीय का आपण?"

आता रेजिनाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलं.

रेजिना अकरावीतली, सडसडीत, कमी बोलणारी मुलगी. तिची आई याच पाटीवाल्या बायकांपैकी, मोगरा आणि अबोली घेऊन जाणारी. वसईतल्या एका शिवणवर्गाला शिकवायला मुलगी हवी होती आणि रेजिनाचे हात पाहून त्यांनी तिला शब्द दिला होता. फक्त विणकामाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आणायचं. बापाचं म्हणणं सरळ होतं. सर्टिफिकेट मिळालं तर कर नोकरी. नाही मिळालं तर राजोडीचं स्थळ आलेलंच आहे, ईस्टरनंतर लग्न. रेजिनाला ते लग्न नको होतं. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं.

परीक्षा आमच्याच शाळेत असायची. मुंबईहून परीक्षक यायच्या. मुलींनी घरी विणून आणलेली एक वस्तू त्या तपासायच्या, समोर थोडं विणून घ्यायच्या आणि प्रश्न विचारायच्या. त्या वर्षी वस्तू नेमलेली होती: दोन रंगांचा पट्ट्यांचा मफलर. बाईंनी सगळ्या वर्गाकडून गोल मफलर करून घेतले. मी त्या दिवशी वर्गात देखरेखीला होते.

परीक्षक बाई कडक इस्त्रीच्या साडीतल्या, पण मनाने वाईट नव्हत्या. पहिली वस्तू त्यांनी उचलली, आत हात घातला, तो पलीकडून बाहेर आला. दुसरी उचलली, तेच. मग आमच्या बाईंकडे पाहून काळजीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, या सगळ्या टोप्या अर्धवट राहिल्यात."

"टोप्या नाहीत त्या. मफलर आहेत," बाई म्हणाल्या.

"मफलरला दोन टोकं असतात."

"असायची. आम्ही काढून टाकली."

परीक्षक बाईंनी नियमांचा कागद पुढे केला. लांबी, रुंदी, दोन्ही टोकांना झालर, सगळं छापलेलं. बाईंनी सायकलवाल्याची हकिकत सांगितली, पाटीवाल्या बायकांची सांगितली. परीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तोडगा काढला. "हे बघा, मुलींचं नुकसान मलाही नको आहे. वरच्या कडेतून दोरा ओवून गोळा करा. लोकरीची टोपी म्हणून मी सगळ्यांना पास करते. अर्धा तास देते."

सगळ्या मुली बाईंकडे बघायला लागल्या. बाईंच्या हातातलं विणकाम थांबलं होतं. मी ते थांबलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "वस्तू तुमच्या आहेत. तुमच्या मनाने करा."

मुलींनी सुया काढल्या. का नाही काढणार? भराभर कडा गोळा झाल्या. त्या टोप्या इतक्या मोठ्या झाल्या की एकीने घालून पाहिली तर नाकापर्यंत खाली आली आणि वर्ग फिदीफिदी हसला. रेजिना मात्र हात मांडीवर ठेवून बसून होती.

"सुई नाही का तुझ्याकडे?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"हाय."

"मग?"

रेजिना उभी राहिली. "ह्यो माज्या आयसाठी हाय," ती म्हणाली. "माजी आय टोपी नाय घालत."

सगळा वर्ग पास झाला. एकटी रेजिना नापास झाली.

मी बाईंशी कडाकडा भांडले. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर. "तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर तिने शिवली असती टोपी!"

"म्हणूनच बोलले नाही."

"छान! हट्ट तुमचा आणि लग्न तिचं!"

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी झोंबणारं येणार. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या. मग शाळेतली भाषा सोडून घरच्या बोलीत हळूच म्हणाल्या, "तुजं बरोबर हाय, पोरी." त्यांनी मला 'भूगोल' म्हटलं नाही, ते त्या एकाच दिवशी. मला इतकं वाईट वाटलं की बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. पण बोलले होते ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमध्ये मिस्सा आटोपून बाई थेट रेजिनाच्या घरी गेल्या आणि मलाही सोबत नेलं. ओट्यावर बसल्या, पिशवीतून सुया काढल्या आणि बापाला म्हणाल्या, "पोरीला एक वर्ष द्या."

बाप हात जोडून म्हणाला, "बाय, तुमी मास्तरनी. शालेत तुमचा शब्द. पोरगी माजी हाय."

"पोरगी तुमचीच. पण नापास ती झालेली नाही, माझं शिकवणं झालंय. त्याची शिक्षा तिला का?"

"मी सोयऱ्यांना काय सांगू?"

"सांगा, एक म्हातारी ओट्यावर येऊन बसलीय आणि उठत नाही."

तो चिडून वाडीत पाणी सोडायला निघून गेला. जेवायच्या वेळेला परत आला, बाई तिथेच. रेजिनाच्या आईने आम्हाला भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. वाढताना बाईंच्या पानात दोनदा जास्तीचं घातलं. नवऱ्याला दिसेल असं घातलं. दुपारी तो आडवा झाला, उठला, पाहतो तर बाई तिथेच आणि विणलेला भाग चांगला वीतभर वाढलेला. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो समोर उकिडवा बसला.

"बाय, तुमी कवा उठनार?"

"तुम्ही हो म्हणाल तेव्हा."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती चूल सारवल्यासारखं करत होती, पण कान इकडेच. "एकच वर्स," तो म्हणाला. "मंग मना कोनी सांगायला यायचं नाय."

बाई उठल्या. गुडघे आखडले होते, मला धरून उभं करावं लागलं. सायकल हातात धरून चालत चालत घरी आल्या.

त्यानंतरचं वर्ष मला विचित्र गेलं. सिस्टरांनी बाईंना बोलावून बजावलं, की नियमात आहे तेच शिकवायचं. आणि बाईंनी ऐकलं! वर्गाला सपाट मफलर शिकवला, उलट्या-सुलट्या ओळी, दोन टोकं, झालर, सगळं. मी मनातून खट्टू झाले. गेल्या वर्षी हट्ट केला म्हणून मीच भांडले होते, आणि आता हट्ट सोडला म्हणूनही मलाच राग! माणसाचं काही खरं नसतं. रेजिना संध्याकाळी बाईंच्या घरी विणायला जात होती एवढं मला ठाऊक होतं. ती काय विणते हे मी विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी रजा टाकली. मी पुन्हा देखरेखीला. वर्गात शिरले आणि थबकले. शेवटच्या बाकावर रेजिना होती, आणि तिच्या शेजारी, मुलींच्या त्या बुटक्या बाकात अंग कसंबसं बसवून, विणकामाच्या बाई. छातीला उमेदवाराचा क्रमांक टाचलेला. बाहेरून बसणाऱ्या बायकांना परीक्षेला परवानगी असायची. बाईंनी रीतसर अर्ज भरला होता. सिस्टरांनी सही करताना तो वाचला नव्हता की वाचून सही केली होती, हे मला आजही माहीत नाही.

परीक्षक गेल्या वर्षीच्याच. त्या बाकापाशी आल्या आणि त्यांचा आ वासला. "तुम्ही? तुम्ही तर शिकवता इथे!"

"शिकवलेलं चूक असं तुमचं म्हणणं पडलं," बाई म्हणाल्या. "मग तपासून घ्यायला नको?"

बाकावर दोन वस्तू होत्या. तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांच्या, गोल, दोन्हीकडून उघड्या. परीक्षक बाईंनी दोन्ही उचलल्या, उलट्या केल्या, आत वर गेलेला धागा नखाने चाचपला. रंगबदलाच्या पायरीवर बोट ठेवलं आणि पुढे गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "काम स्वच्छ आहे. मागच्या वर्षीही होतं. पण नियम मी केलेला नाही हो. याला मफलर म्हणून पास केलं, तर उद्या मला विचारतील, नियम कशाला दिला होता तुमच्याकडे?"

"मग नापास करा ना," बाई म्हणाल्या. "मी कशाला बसलेय? तुमचा नियम माझ्यावर पाळा. तिच्यावर नका पाळू."

परीक्षक बाईंनी दोन्ही वस्तू बाकावर ठेवल्या.

"तिला यापुढे वर्ष मिळणार नाही," बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "मला नापास होऊन काय होणार? फार तर लाज वाटेल. तीही वाटायची नाही."

परीक्षक बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि रेजिनाकडे वळल्या. "या वस्तूला काय म्हणतेस तू?"

"मफलर."

"टोकं कुठे आहेत?"

रेजिना उठून उभी राहिली. "टोकं घसरली का धरायला लागतात," ती म्हणाली. "माज्या आयचे हात पाटीला असतात."

परीक्षक बाई आपल्या टेबलाकडे गेल्या. खुर्चीत जाऊन बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागल्या. मी देखरेखीला आहे हे विसरून त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. रेजिनाच्या क्रमांकापुढे त्यांनी गुण भरले, चांगले भरले. मग बाईंच्या क्रमांकापुढे 'वस्तू अपूर्ण' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. लिहून झाल्यावर आमच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, जमलं एकदाचं अशी.

निकाल फळ्यावर लागला तेव्हा गावात चर्चा उसळली. विणकामाच्या बाई विणकामात नापास! शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ सिस्टरांकडे तावातावाने आले, अशी बाई शाळेत ठेवायची कशी, म्हणून. सिस्टरांनी त्यांना शांतपणे विचारलं, की तुमची सून पहाटे स्टेशनला जाते तेव्हा गळ्यात काय घालते? गृहस्थ निघून गेले. रेजिनाच्या बापाने राजोडीला नकाराचा निरोप धाडला आणि त्यानंतर जो भेटेल त्याला तो स्वतःच सांगत सुटला, की माजी पोरगी मास्तरनी झाली. जणू सगळं त्यानेच घडवून आणलं होतं. रेजिनाने वसईच्या त्या वर्गात पुढे किती मुली तयार केल्या, देव जाणे.

बाईंनी कुणापाशी सारवासारव केली नाही. जूनमध्ये नवा वर्ग भरला. माझा तास शेजारच्याच खोलीत होता आणि मधली भिंत अर्धवट उंचीची, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. मुली बसल्या, कुजबुजल्या, एक-दोघी हसल्याही. बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं. पुढे त्या निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पहिल्या तासाला हेच सांगत राहिल्या, पण मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी, आणि हातातला खडू तसाच धरून उभी राहिले.

"मुलींनो," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी या विषयात नापास आहे. तेव्हा नीट लक्ष द्या."